झिंक घातलं की थायोफ्लेविन खाली, गढूळपणा वर: धातूचे आयन आणि अमायलॉइडच्या गुठळ्या

निळी_कुपी

अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड बीटा या छोट्या प्रथिनावर (पुढे नुसतं एबीटा लिहिते) झिंक आणि कॉपर काय करतात ते बघायचं आहे. मांडणी अशी:

एबीटा ४० (४० अमिनो आम्लांचं रूप), २० मायक्रोमोलर. थायोफ्लेविन टी (तंतू झाले की चमकणारा रंग) २० मायक्रोमोलर. बफर २० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.४, त्यात ०.२ मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) आणि ०.०२ टक्के सोडियम अझाइड. ३७ अंश. ९६ वेलची (खळग्यांची) काळी प्लेट, तळ पारदर्शक, वेलला १०० मायक्रोलिटर. ४४० नॅनोमीटरला उत्तेजन, ४८० ला वाचन.

झिंक क्लोराइड ५, २० किंवा १०० मायक्रोमोलर घातलं तर आलेख नुसत्या एबीटाच्या आलेखावर तंतोतंत बसतो. ४०० मायक्रोमोलरला मात्र थायोफ्लेविन वर येतच नाही, आणि त्याच वेलमध्ये ४०० नॅनोमीटरच्या प्रकाशावर मोजलेला गढूळपणा पहिल्या मिनिटापासून वाढलेला. कॉपर क्लोराइड ४०० मायक्रोमोलरला तर थायोफ्लेविनचं सुरुवातीचं वाचनच खाली आहे.

वाचायला गेलं तर एकीकडे 'झिंकमुळे गुठळ्या होतात', दुसरीकडे 'झिंक तंतू होऊ देत नाही'. दोन्ही नावाजलेल्या ठिकाणी छापलेलं. वरच्या आकड्यांवरून 'झिंक गुठळ्या रोखतं' असं लिहिता येईल का?

---

कणाद

नका लिहू. या मांडणीत झिंक एबीटापर्यंत पोचलेलंच नाही.

हिशेब करून बघा. ०.२ मिलिमोलर ईडीटीए म्हणजे २०० मायक्रोमोलर. ते झिंकला एकास एक पकडतं. बंधनाचा लॉग के (जितका मोठा तितकी पकड घट्ट) झिंकसाठी १६.५ आणि कॉपरसाठी १८.८. पीएच ७.४ ला प्रत्यक्ष पकड यापेक्षा काहीशी सैल असते, पण एबीटाची झिंकवरची पकड मायक्रोमोलरच्या घरातली. ईडीटीएपुढे तिचं काही चालत नाही. म्हणून ५, २० आणि १०० च्या वेलमधलं सगळं झिंक ईडीटीएने गिळलं. तीन आलेख एकावर एक बसले यात नवल नाही, ते तिन्ही धातूविना एबीटाचेच आलेख आहेत.

४०० मधून २०० उरले. ते फॉस्फेटच्या तावडीत सापडले. झिंक फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २० मिलिमोलर फॉस्फेटमध्ये २०० मायक्रोमोलर झिंक द्रावणात राहूच शकत नाही. तुमच्या गढूळपणातला बराचसा भाग हे झिंक फॉस्फेट असणार. ताबडतोब एक वेल लावा: तोच बफर, तेच झिंक, प्रथिन नाही. तो वेल गढूळ झाला की उत्तर मिळालं.

ईडीटीए तुम्ही वापरलेल्या बफरच्या कृतीत चुकून आलेलं नाही, हे लक्षात घ्या. ती कृती धातूविना एबीटाची गती मोजण्यासाठी बांधलेली आहे. पाण्यातलं, काचेतलं, टिपांमधलं भटकं लोखंड आणि झिंक बांधून टाकलं की वेलला वेल जुळतो. तीच कृती धातूच्या प्रयोगाला जशीच्या तशी उचलली की प्रयोगाचा पायाच जातो. अझाइडही काढा, ते कॉपरला धरतं.

---

सोनकी

कणाद यांच्याशी सहमत. पण बफर सुधारल्यावरही तुम्हाला थायोफ्लेविन खाली आणि गढूळपणा वर असंच दिसण्याची शक्यता मोठी आहे, आणि तेव्हा ते खरं असेल. म्हणून 'गुठळी' या शब्दाची आधी फोड करायला हवी. त्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: विरघळलेले छोटे समूह म्हणजे ऑलिगोमर, शिस्तीत रचलेले तंतू, आणि बेढब गाळ. थायोफ्लेविन फक्त तंतूंच्या बीटा-पट्ट्यांच्या खाचांमध्ये बसून चमकतं. गाळ कितीही पडला तरी ते बहुतेक गप्पच राहतं.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. मातीच्या कणांवर ऋणभार असतो, ते एकमेकांना ढकलतात म्हणून तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमने तो भार मारला की कण चिकटतात आणि गाळ तळाला बसतो. कणांची रचना बदललेली नसते, फक्त ढकलाढकली थांबलेली असते. पीएच ७.४ ला एबीटावर साधारण उणे तीन भार असतो. झिंकचा दोन धनभारांचा आयन साखळीतल्या ६, १३ आणि १४ व्या जागेवरच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लांच्या आसपास बसतो, भार कमी करतो आणि वर दोन रेणूंना आपापसात जोडूही शकतो. मग काही सेकंदांत क्युवेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक कुपीत) दुधाळ झाक येते. १९९४ मध्ये झिंकने एबीटाचा झटपट साका होतो असं जे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं गेलं, ते मुख्यत्वे हेच.

याची खात्री करायची तर त्या दुधाळ क्युवेटमध्ये झिंकच्या दहापट ईडीटीए घाला आणि बघत राहा. ताजा झिंकचा गाळ असेल तर झाक काही मिनिटांत विरते. तंतू असतील तर तशीच राहते. सगळ्या प्रयोगात इतकी स्वस्त आणि इतकं सांगून जाणारी चाचणी दुसरी नाही.

आणि झिंक प्रथिनापेक्षा बरंच कमी असेल, म्हणजे २० मायक्रोमोलर एबीटाला २-५ मायक्रोमोलर, तर चित्र पुन्हा वेगळं. गाळ पडत नाही, पण तंतू वाढण्याचा वेग घटतो. एबीटा ४० वर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाचा निष्कर्ष असा की झिंकभोवती रेणूचं एन-टोक (साखळीचं सुरुवातीचं टोक) क्षणभर गुंडाळलं जातं, आणि त्यामुळे तंतूच्या टोकाला नवा रेणू जोडला जाण्यात अडथळा येतो. म्हणजे तुम्ही वाचलेली दोन्ही विधानं बरोबर आहेत, प्रमाण वेगळं आहे. 'झिंक वाढवतं की रोखतं' हा प्रश्न तसाच विचारला तर त्याला उत्तरच नाही. कोणती गुठळी, कुठल्या पीएचला, मोकळं झिंक किती, हे तिन्ही लिहिलं तरच वाक्य पूर्ण होतं.

---

निळी_कुपी

प्रथिनाविना वेल लावला. गढूळ झाला, कणाद बरोबर. मग बफर कुठला घेऊ? ट्रिस चालेल का? आणि मोनोमर (एबीटाचा सुटा रेणू) वेगळं करायच्या कॉलमवर आजवर ईडीटीएचाच बफर चालवलेला आहे.

---

कणाद

ट्रिस नको. कॉपरला ते चांगलंच धरतं, झिंकलाही थोडं. हेपीस २० मिलिमोलर घ्या, सोबत सोडियम क्लोराइड ५० ते १०० मिलिमोलर. पायपीस किंवा एमईएसही धातूला फारसे धरत नाहीत, पीएच ६.५ च्या प्रयोगाला एमईएस बरं. हेपीसचा एक दोष आहे: कॉपर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उजेड एकत्र आले की त्यातून रॅडिकल निघतात. ऑक्सिडेशनचे प्रयोग त्यात करू नका.

हेपीसचा पीएच तापमानाप्रमाणे अंशाला साधारण ०.०१४ ने उतरतो. २५ अंशाला ७.४ लावला तर ३७ ला ७.२ च्या जवळ जाईल. हिस्टिडिनचा पीकेए (ज्या पीएचला तो निम्मा भारित असतो) ६ ते ६.५ च्या दरम्यान असल्यामुळे एवढ्या फरकानेही धातूची पकड हलते. पीएच ३७ अंशालाच लावा.

बफर केलेक्स रेझिनमधून (धातू धरून ठेवणाऱ्या दाण्यांमधून) काढा: १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम, तासभर हलवत ठेवा, गाळून घ्या. सोडियमच्या रूपातलं रेझिन पीएच वर चढवतं, म्हणून नंतर शुद्ध आम्लाने पुन्हा जुळवा. त्यासाठी थोडा बफर वेगळा ओतून घेऊन त्यात इलेक्ट्रोड बुडवा. बाटलीत थेट बुडवला की आतलं क्षार-द्रावण पाझरतं आणि केलेली स्वच्छता वाया जाते. काचेऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून १८.२ मेगाओहमच्या पाण्याने खळबळून घेतलेल्या. रबरापासून सावध राहा. रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड वापरतात, त्यामुळे हातमोजे, बुचं, सिरिंजचे काळे दट्टे हे सगळे झिंकचे झरे आहेत.

कॉलम. सुपरडेक्स ७५ चा १०/३०० आकाराचा असेल तर त्याचं आकारमान सुमारे २४ मिलिलिटर. ईडीटीएविना बफर किमान दोन आकारमानं, म्हणजे ४८ मिलिलिटर सोडा. मग १ मिलिग्रॅम एबीटा १ मिलिलिटर ६ मोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइडमध्ये, पीएच ८ च्या पुढे, विरघळवून चढवा. मोनोमरचं शिखर १३ ते १५ मिलिलिटरच्या आसपास येतं. त्याचा मधला भागच घ्या. उतरतीला ग्वानिडिनची शेपटी असते, तिचा मोह नको. नळी बर्फात ठेवा आणि तासाभरात प्लेटमध्ये जाऊ द्या.

प्रमाण २८० ला मोजाल तर एबीटात एकच टायरोसिन आहे, गुणांक साधारण १४९०. २० मायक्रोमोलरला वाचन ०.०३ येईल, म्हणजे यंत्राच्या गोंगाटाला लागून. शिखर ४० ते ६० मायक्रोमोलरचं मिळवा, तिथे मोजा, मग पातळ करा.

---

घाटमाथा

पेप्टाइड (तुमचं एबीटा) कृत्रिम, विकतचं असेल तर ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाचा अंश बघा. विकतच्या पेप्टाइडसोबत ते मिठाच्या रूपात येतं, वजनात धरलं जातं आणि पीएच खाली ओढतं. कॉलममधून काढल्यावर हा प्रश्न सुटतो. नुसतं डीएमएसओ या द्रावकात विरघळवून वापरणाऱ्यांना मात्र तो कायम छळतो, कारण एबीटाचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो) ५.३ च्या आसपास आहे, आणि पीएच तिकडे सरकला की धातूविनाच साका पडतो. लोक त्याचा दोष झिंकला देतात.

धातूचा स्टॉक: झिंक क्लोराइडची बाटली उघडली की ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे तोललेलं वजन खोटं असतं. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट घ्या, १० मिलिमोलरच्या १०० मिलिलिटरला २८७.५ मिलिग्रॅम. कॉपरसाठी क्लोराइड डायहायड्रेट, तितक्यालाच १७०.५ मिलिग्रॅम. दोन्ही १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, नाहीतर हळूहळू हायड्रॉक्साइड खाली बसतं. वजनावर भरवसा न ठेवता एकदा टायट्रेशन करा. पीएच १० ला एरिओक्रोम ब्लॅक टी घालून प्रमाणित ईडीटीएने झिंक मोजायला दहा मिनिटं लागतात. कॉपरला म्युरेक्साइड.

---

सोनकी

आता कॉपर, कारण ते सगळ्यात जास्त फसवतं.

तुमच्या वेलमध्ये सुरुवातीचं वाचनच खाली होतं, म्हणजे तंतू व्हायच्या आधीच. तिथे तंतू रोखले जाण्याचा संबंध नाही. कॉपर (दोन), म्हणजे दोन धनभारांचं कॉपर, पॅरामॅग्नेटिक आहे, आसपासची चमक विझवतं. थायोफ्लेविनची आणि टायरोसिनचीही. त्याचा स्वतंत्र नियंत्रण-प्रयोग असा: धातूविना पक्के झालेले तंतू घ्या, थायोफ्लेविन घालून वाचा. मग कॉपर ५, १०, २० मायक्रोमोलर घाला आणि लगेच वाचा. जितकं खाली गेलं तितकं विझवणं, कारण अर्ध्या मिनिटात तंतू विरघळत नाहीत. शेवटी २०० मायक्रोमोलर ईडीटीए घाला. वाचन परत वर आलं की खात्री झाली.

पण यातून 'दुरुस्ती-गुणक' काढून आलेख वर ओढत बसू नका. कॉपरच्या वेलमध्ये थायोफ्लेविनवर फैसलाच करू नये. सेंट्रिफ्यूजमध्ये २०,००० जी ला ३० मिनिटं फिरवून वर किती एबीटा उरलं ते मोजा. छोटे समूह आणि कोवळे तंतू त्यात वरच राहतात. तेही खाली बसवायचे तर अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी ला तासभर. आणि वरच्या द्रावणातलं प्रथिन नेहमीच्या बीसीए पद्धतीने मोजू नका. ती पद्धतच कॉपरवर चालते. बाहेरचं कॉपर आकडा फुगवतं आणि ईडीटीए तो पाडतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोटं. आम्ल आणि ईडीटीए घालून एचपीएलसीत सी-१८ कॉलमवर २१४ नॅनोमीटरला मोजा.

कॉपरची एबीटावरची पकड झिंकच्या कितीतरी पट घट्ट. पीएच ७.४ ला वियोजनांक (जितका लहान तितकी पकड घट्ट) १० चा उणे १० वा घात मोलर, या घरातला. बांधणारे गट म्हणजे ॲस्पार्टेट १ चं अमिनो टोक आणि हिस्टिडिन. त्यामुळे एकास एकपर्यंत मोकळं कॉपर जवळजवळ नसतंच. त्यापुढे दुसऱ्या, सैल जागा भरू लागतात आणि वागणूक पालटते. पीएच ६.८ च्या आसपास कॉपरने साका जास्त पडतो, ७.४ ला कमी. म्हणून कॉपरची मालिका ०.२, ०.५, ०.९ आणि १.५ पट अशी लावा. ०.९ मुद्दाम: प्रमाण मोजण्यात पाच-दहा टक्के चूक असली तरी एकच्या अलीकडे राहता.

कॉपर नुसतं थेंबाने घातलं तर थेंब पडतो तिथे क्षणभर हायड्रॉक्साइड होतं. कॉपरच्या किमान चौपट ग्लायसिन घालून स्टॉक करा. ग्लायसिन कॉपरला सैल धरून ठेवतं आणि एबीटाच्या हाती सोपवतं. तेवढंच ग्लायसिन कॉपर नसलेल्या वेलमध्येही घालायला विसरू नका.

---

कणाद

एक पुरवणी. सोबत ॲस्कॉर्बेट (क जीवनसत्त्व) किंवा इलेक्ट्रॉन देणारं दुसरं काही क्षपणक असेल तर कॉपर एका आणि दोन धनभारांच्या रूपांत आलटून पालटून फिरत राहतं आणि ऑक्सिजनपासून पेरॉक्साइड व हायड्रॉक्सिल रॅडिकल काढतं. मग मिथिओनिन ३५ ऑक्सिडाइज होतं, टायरोसिन १० ची जोडी जुळून दोन रेणू कायमचे बांधले जातात. अशी गुठळी ईडीटीएने सुटत नाही. त्यामुळे सोनकींची ईडीटीए चाचणी कॉपर आणि ॲस्कॉर्बेट एकत्र असताना लावायची तर एसडीएस जेलही (रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणारं) सोबत चालवा, जोड्या तिथे दिसतात. झिंक हा फेरा करू शकत नाही, त्याला एकच ऑक्सिडीकरण अवस्था. दोन धातूंमधला हा फरक मूलभूत आहे.

---

पाटावरवंटा

प्रयोगशाळेतलं निम्मं डोक्यावरून गेलं, पण धागा नेटाने वाचतोय. माझा प्रश्न घरगुती आहे. आई सत्तरीची, तांब्याच्या कळशीतलं पाणी पिते, आमटी जर्मनच्या पातेल्यात होते. कुटुंबाच्या ग्रुपवर येतं की याने विसरभोळेपणा येतो. शिवाय डॉक्टरांनी झिंकच्या गोळ्या दिल्यात. वरचं वाचून त्या बंद कराव्यात का?

---

घाटमाथा

पाटावरवंटा, गोळ्या या धाग्यावरून बंद करू नका. त्या का दिल्या आणि किती दिवस घ्यायच्या, ते डॉक्टरांनाच विचारा. झिंक मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं, त्यातून रक्तक्षय आणि मज्जारज्जूचे विकार होऊ शकतात, म्हणून मुदत विचारणं योग्यच. पण त्याचा एबीटाच्या गुठळ्यांशी संबंध नाही.

कारण असं. अल्झायमरच्या मेंदूतल्या एबीटाच्या गाठींमध्ये १९९८ साली मोजलेले आकडे झिंक सुमारे १ मिलिमोलर, लोह ०.९, तांबं ०.४ असे आहेत. आकडे मोठे आहेत, पण हे धातू पातेल्यातून थेट मेंदूत गेलेले नाहीत. आतडं, यकृत आणि रक्त-मेंदू अडसर या तिन्ही ठिकाणी पहारा असतो. मेंदूत झिंक मुळातच भरपूर आहे. ग्लुटामेट वापरणाऱ्या अनेक चेतापेशी ते झेडएनटी३ नावाच्या वाहकाने पुड्यांत भरतात आणि संदेश देताना बाहेर सोडतात. आजारात बिघडते ती त्याची जागा आणि वाटणी. एकूण साठा वाढला असा त्याचा अर्थ नाही. विल्सन आजारात यकृत तांबं बाहेर टाकू शकत नाही आणि ते मेंदूत साठतं, हातपाय थरथरतात, बोलणं बिघडतं, पण एबीटाच्या गाठी ही त्या आजाराची खूण नाही. नुसतं तांबं वाढलं की अल्झायमर, हे समीकरण तिथेच तुटतं.

जर्मनच्या भांड्यांचं भय येतं कुठून? १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर चेतापेशींत तंतूंचे गुंते दिसले, पण ते अल्झायमरच्या गुंत्यांहून वेगळ्या घडणीचे निघाले. पुढे १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियममुळे रुग्णांना गंभीर मेंदूविकार झाले. ते खरंच ॲल्युमिनियमचं विष होतं, कारण तिथे आतड्याचा पहारा चुकवून धातू थेट रक्तात जात होता. पातेल्यातल्या आमटीने अल्झायमर होतो असं त्यातून सिद्ध होत नाही.

कळशीचं म्हणाल तर भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची २ मिलिग्रॅम. साधं पाणी रात्रभर ठेवणं वेगळं, आणि लिंबूपाणी किंवा ताक ठेवणं वेगळं. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कल्हई नसताना ठेवले तर तांबं भराभर उतरतं, मळमळ आणि उलट्या होतात. जुनी माणसं कल्हईवाल्याची वाट बघायची ती याचसाठी.

---

सोनकी

घाटमाथा यांच्या मुद्द्याला औषधांच्या चाचण्यांची जोड देते, कारण 'धातू काढून टाका' हे विकणारे खूप आहेत.

क्लिओक्विनॉल धातू धरतं. उंदरांत गाठी कमी झाल्या. पण त्याच औषधाशी जपानमध्ये मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा निकामी करणारा आजार जोडला गेला होता आणि १९७० मध्ये तिथे त्याची विक्री थांबवली. त्याचा पुढचा भाऊ पीबीटी२. तो धातू शरीराबाहेर काढण्यापेक्षा पेशीबाहेरून पेशीत पोचवतो. २०१४ मध्ये ४२ रुग्णांवरच्या ५२ आठवड्यांच्या चाचणीत मेंदूतल्या अमायलॉइडच्या मुख्य निकषावर तो खरा उतरला नाही. डेफेरिप्रोन लोह काढतं. पार्किन्सनच्या नव्या ३७२ रुग्णांवर ३६ आठवडे दिलं, निकाल २०२२ मध्ये आले. एमआरआयवर लोह खरंच कमी झालं आणि रुग्णांची लक्षणं मात्र डेफेरिप्रोन न घेणाऱ्यांपेक्षा बिघडली. याचं एक संभाव्य कारण उघड आहे: डोपामिन बनवणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेझला लोह लागतं. अल्झायमरमध्येही डेफेरिप्रोनने आकलनशक्तीची घसरण वाढली.

आणि स्मृतिभ्रंशावर शिरेतून ईडीटीए देणाऱ्यांपासून कृपा करून दूर राहा. डायसोडियम ईडीटीएने रक्तातलं कॅल्शियम कोसळून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. क्युवेटमधला गाळ विरघळतो म्हणून मेंदूतली गाठ विरघळेल असं नाही. तिथे तंतू आहेत, आणि तंतू ईडीटीएला दाद देत नाहीत हे वर लिहिलंच आहे.

---

घाटमाथा

उलटी उदाहरणंही इथे नोंदवायला हवीत, नाहीतर धातू म्हणजे गुठळी असं डोक्यात बसेल.

एसओडी१: स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरतात त्या एएलएस आजाराच्या काही आनुवंशिक प्रकारांत (१९९३ पासून ज्ञात) हे प्रथिन साकळतं. त्याच्या प्रत्येक उपघटकात एक कॉपर आणि एक झिंक असतं. दोन्ही जागेवर असताना ते ९० अंशांच्या आसपासही उलगडत नाही, इतकं दणकट. धातू काढले की तेच ५० च्या आसपास सैल पडतं आणि गुठळ्या करतं. इथे आजाराची वाट धातू नसण्यातून जाते.

इन्शुलिन: सहा रेणू दोन झिंकभोवती बसतात, बी साखळीतल्या दहाव्या हिस्टिडिनने धरलेले. या षट्काला तंतू करणं अवघड, सुट्या मोनोमरला सोपं. म्हणून अनेक इन्शुलिनच्या बाटल्यांत झिंक असतं, आणि म्हणूनच ती खळाखळा हलवू नका, उन्हात ठेवू नका असं सांगतात. इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या पुड्यांत ३७ अमिनो आम्लांचं अमायलिन हे दुसरं संप्रेरकही असतं. त्याच्या १८ व्या हिस्टिडिनला झिंक धरतं.

अल्फा-सिन्युक्लिन, पार्किन्सनमधलं: कॉपर पहिल्या दोन अमिनो आम्लांना घट्ट धरतं आणि हिस्टिडिन ५० ला सैल. या घट्ट जागेवर कितीतरी प्रयोग झाले. पण माणसाच्या पेशीत त्याचं एन-टोक ॲसिटिल गटाने बंद असतं आणि मग ती घट्ट जागा उरतच नाही. ई. कोलाई या जिवाणूत केलेलं प्रथिन उघड्या टोकाचं निघतं. सिन्युक्लिन करणाऱ्यांनी ॲसिटिल गट जोडणाऱ्या नॅटबी एन्झाइमचा प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं) सोबत घालून ॲसिटिल केलेलं प्रथिन करावं आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर ४२ डाल्टनची वाढ तपासावी. नाहीतर मोजमाप कितीही नेटकं असलं तरी ते शरीरात नसलेल्या रेणूचं.

---

निळी_कुपी

खूप शिकायला मिळालं, सगळ्यांचे आभार. नवी मांडणी लिहिते, चुका दाखवा.

हेपीस २० मिलिमोलर, मीठ १०० मिलिमोलर, ३७ अंशाला पीएच ७.४, केलेक्समधून काढलेला. एबीटा ४० कॉलममधून, वेलमध्ये २० मायक्रोमोलर. झिंक ०, २, ५, २०, ४०; कॉपर ग्लायसिनसह ०, ४, १०, १८, ३०. प्रत्येकी चार वेल, शिवाय प्रथिनाविना प्रत्येकी दोन. वेलमध्ये आधी ५ मायक्रोलिटर धातू, त्यावर ९५ मायक्रोलिटर एबीटा आणि थायोफ्लेविन. गढूळपणाची प्लेट वेगळी, थायोफ्लेविनविना. दोन्ही प्लेटींच्या शेवटी सगळ्या वेलमध्ये ईडीटीए. नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक.

---

कणाद

धातू आधी नको. तळाशी ५ मायक्रोलिटरमध्ये २० पट तीव्र झिंक पडलेलं असतं. एबीटाचा पहिला थेंब त्यात शिरला की तिथेच गाळ, आणि मिसळल्यावरही तो लगेच मोडत नाही. आधी ९० मायक्रोलिटर एबीटा, मग १० मायक्रोलिटर धातू १० पट तीव्रतेचं, भिंतीला लावून सोडा आणि दोनदा हलकेच वरखाली करा. बुडबुडा नको, हवेच्या पृष्ठभागावर एबीटाचे तंतू लवकर सुरू होतात. प्लेट बर्फावर भरा, चिकटपट्टीने बंद करा, यंत्र आधीच ३७ ला तापवून ठेवा. न चिकटणारा लेप असलेली प्लेट घ्या, साध्या पॉलिस्टायरीनला एबीटा चिकटून प्रमाणच उतरतं.

---

सोनकी

ईडीटीए सगळ्या वेलमध्ये घालू नका. चारपैकी दोनमध्ये घाला, बाकी दोन तसेच सेंट्रिफ्यूजला न्या, नाहीतर गाळ मोजायला उरणारच नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या जाळ्या नेहमी तांब्याच्या येतात. नुसता आकार बघायचा तर चालतील. क्ष-किरणांनी मूलद्रव्य तपासणार असाल तर निकेलच्या किंवा सोन्याच्या मागवा, नाहीतर जाळीचंच तांबं तुमच्या गुठळीत दिसेल. २० मायक्रोमोलर झिंकच्या वेलमधले दोन नमुने घ्या, एक पाच मिनिटांचा आणि एक २४ तासांचा. सुरुवातीचा बेढब गाळ नंतर तंतूंकडे वळतो का, हे शेवटचा एकच फोटो घेतला तर कधीच कळणार नाही.